चित्र आहे, उजेड नाही

गौरी जेवणाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि नेमका तेव्हाच टीव्ही गेला. गेला म्हणजे आवाज चालू, चित्र गायब. अण्णा पाच मिनिटं काळ्या पडद्याकडे बघत बातम्या ऐकत बसले, मग म्हणाले, "रेडिओ झाला बघ याचा." अकरा वर्षांचा चाळीस इंची सेट. माझ्या मनात लगेच नवा घ्यायचा विचार आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

विसर्जन झाल्यावर, ३ सप्टेंबरला, गल्लीतले टीव्ही दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी खिडकीचा पडदा ओढायला सांगितला आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका टेकवून धरला. त्या उजेडाच्या गोलात निवेदिकेचा चेहरा पुसट हलताना दिसला. खाली बातम्यांची पट्टीही सरकत होती.

"चित्र हाय ओ," काका म्हणाले, "उजेड न्हाई."

पुढचे तीन आठवडे मी टीव्हीबद्दल जे काही वाचलं, बघितलं, मोजलं, ते सगळं या चार शब्दांत आधीच येऊन गेलं होतं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं एवढंच.

काकांनी सेट कॉटवर पालथा घालून उघडला आणि मी पाना-पक्कड द्यायला शेजारी बसलो. पुढची काच दोघांनी मिळून, पापड उचलावा तशी उचलली. त्या काचेत स्वतःचा उजेड काडीचाही नसतो. दोन काचांच्या मधे द्रवरूप स्फटिकांचा थर, आणि दोन्ही बाजूंना प्रकाश ठरावीक दिशेनेच जाऊ देणाऱ्या पोलरायझर फिल्म. विजेच्या दाबाने स्फटिक फिरले की तेवढ्या जागेतून उजेड जातो किंवा अडतो. म्हणजे वीस लाखांवर बारीक झडपा. काचेच्या मागे दुधी रंगाचे दोन-तीन कागदासारखे पत्रे, उजेड सगळीकडे सारखा पसरवणारे. आणि सगळ्यात मागे, पांढऱ्या तळावर, एलईडीच्या तीन पट्ट्या, प्रत्येक दिव्यावर छोटी टोपी. ज्याला आपण एलईडी टीव्ही म्हणत आलो तो हा. एलईडी फक्त मागचे दिवे, पुढचा पडदा एलसीडीच. माळेतला एक दिवा गेला होता म्हणून अख्खी माळ बंद, दिवाळीच्या जुन्या तोरणासारखी. एवढ्यावरून सर्किटने सगळेच दिवे बंद ठेवले होते.

"पट्ट्या बदलून देतो, चोवीसशे. पण एक गेली की बाकीच्याबी रांगेत असतात," काका म्हणाले. तिन्ही बदलल्या. जाताना त्यांनी सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरावरून साठावर आणला. "एवढ्यावर ठेवा. उजेड जितका कमी, तितका दिवा टिकतोय." अकरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

टीव्ही सुरू झाला, म्हणजे घाई संपली. पण त्याच रात्री बातमी आली की ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, २२ सप्टेंबर २०२५ पासून. नेमकी घटस्थापना. अण्णा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर आकडेमोड केली: आधीचा कर वजा करून नवा लावला तर लाखामागे ७,८१२ रुपये वाचतात. "दहा टक्के नव्हेत, पावणेआठ. दुकानदार दहा म्हणेल, तू मान डोलवू नकोस." घटस्थापना झाली की नवा घ्यायचा हे त्यांनीच ठरवून टाकलं. मला अभ्यासाला एकोणीस दिवस मिळाले.

पहिले चार दिवस मी सगळ्यांसारखाच मूर्खपणा केला. मोबाइलवर एका मॉडेलशेजारी दुसरं ठेवून आकडे वाचत बसलो. क्यूएलईडी, क्यूनेड, यूएलईडी, ओएलईडी. नावं बारशाला जमलेल्या आत्यांनी ठेवल्यासारखी, सगळी एकमेकींत मिसळणारी. या गर्दीत एकच नाव मुळातून वेगळं आहे हे कळायला मला दोन रात्री लागल्या. ओएलईडी सोडलं तर बाकी सगळे त्या कॉटवर उघडलेल्या सेटचेच भाऊबंद. मागे उजेड, पुढे झडपा. क्यूएलईडीत मधे क्वांटम डॉट्सचा एक पापुद्रा वाढतो. काही नॅनोमीटरचे हे स्फटिक मागचा निळा उजेड घेऊन त्यातला काही लाल आणि हिरवा करून पुढे देतात. कण मोठा तर लाल, लहान तर हिरवा, रंग आकारावर ठरतो. याच कणांसाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमॉव्ह या तिघांना मिळालं. आणि ज्या निळ्या एलईडीवर हे सगळं उभं आहे, तिला २०१४ चं भौतिकशास्त्राचं. दोन-दोन नोबेल दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायचे आणि त्यावर सासू-सुनांच्या मालिका बघायच्या.

रंग त्याने खरंच सुधारतात. पण काळा सुधारत नाही. आणि आमच्या घरी तक्रार काळ्याचीच होती.

आईला जुने कृष्णधवल मराठी सिनेमे लागतात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आमच्या कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, याचं दुःख आमच्याकडे ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता तेही बाळगून असतात. आई त्यातलीच. ते सिनेमे जवळजवळ चौकोनी, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. रात्री दिवे मालवले की आमच्या सेटवर ते पट्टे काळे नसायचेच. धुक्यासारखे राखाडी. आई गेली कित्येक वर्षं म्हणतेय, "कडेला हे राखुंडीसारखं काय दिसतंय रे?" मी दर वेळी "तसंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. कारण आता कळलं. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच. आमच्या सेटमधलं पॅनेल आयपीएस जातीचं. त्यात सर्वांत उजळ पांढऱ्याचा साधारण हजारावा भाग उजेड काळ्यातूनही बाहेर येतो. व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये तोच तीन-चार हजारांत एक किंवा आणखी कमी. मग आयपीएस घेतात कशाला? तर बाजूने बघितलं तरी त्याचे रंग टिकतात. व्हीए समोरून सुंदर, बाजूला सरकलात की फिकट पडतं.

इथे मी आकडे बाजूला ठेवले आणि दोनशे पानी वहीत घरचा हिशेब लिहायला घेतला. कोण, कधी, कुठून, काय बघतं. आठवडाभर. बायको म्हणाली, "आता आमच्यावर पाळत ठेवणार का?" ठेवली. निष्कर्ष असे निघाले: अण्णा सकाळी साडेपाच ते नऊ आणि दुपारी चार ते आठ, फक्त बातम्या, एकच वाहिनी, सोफ्यावरून, पडद्यापासून दहा फुटांवर. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीचं ऊन बरोब्बर पडद्यावर. आई संध्याकाळी मालिका बघते, पण बसून नव्हे. स्वयंपाकघराच्या दारातून, ओट्याजवळून, पार बाजूने. मी सुतळी लावून कोन काढला, पन्नास अंशांच्या आसपास भरला. रात्री साडेनऊनंतर मी आणि बायको, दिवे बंद करून सिनेमा. शनिवारी पुतण्या गेम खेळायला. आणि क्रिकेट असेल तेव्हा सगळेच, मिळेल तिथून.

ही वही घेऊन मी दुकानात गेलो असतो तर बरं झालं असतं. पण पहिल्यांदा गेलो तो रिकाम्या हाताने, आणि प्रेमात पडून आलो.

राजारामपुरीतल्या त्या दुकानात एक काळोखी खोली केलेली होती. तिथे ओएलईडी लावला होता. काळ्या पार्श्वभूमीवर मधाची धार, पाचूचे खडे, एक कसला तरी लखलखता पक्षी. नमुन्याच्या चित्रफितीत सगळीकडे काळं का असतं हे तेव्हा लक्षात आलं नाही. पण तो काळा खरोखर काळा होता. खोलीचा अंधार आणि पडद्याचा अंधार यांत रेघ सापडेना. ओएलईडीत मागे दिवा नाही, झडपा नाहीत, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. विझला म्हणजे विझलाच. बाजूने बघा, रंग तसेच. ही कल्पना जुनीच. कोडॅकमधल्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर विजेवर उजळवून दाखवले ते १९८७ मध्ये. सोनीने पहिला टीव्ही आणला २००७ साली, अवघा अकरा इंचांचा. पंचावन्न इंची दुकानांत यायला २०१३ साल उजाडलं. गंमत म्हणजे आमच्या जुन्या डबा टीव्हीतही हेच होतं. तिथेही मागे दिवा नव्हता, इलेक्ट्रॉन पडले तिथला फॉस्फरचा लेप उजळायचा, नाही पडले तिथे अंधार. मधली पंधरा-वीस वर्षं आपण चपट्या टीव्हीच्या नादात काळा रंग गमावून बसलो होतो म्हणायचं.

किंमत सव्वा लाखाच्या आसपास. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, ठरलं. ती म्हणाली, "अण्णांना विचारलंस?" किमतीचं नव्हे, असं तिने बोट दाखवून सांगितलं. टीव्ही चालू होता. उजव्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, खाली लाल पट्टी, त्याखाली धावत्या ओळी. सकाळपासून जिथे होत्या तिथेच.

ओएलईडीचा प्रत्येक ठिपका वापराने म्हातारा होतो. जितका वेळ आणि जितक्या जोरात पेटेल तितका लवकर. सगळे एकत्र म्हातारे झाले तर कोणाला कळणार नाही. पण कोपऱ्यातल्या चिन्हाखालचे ठिपके रोज सात-साडेसात तास एकाच रंगात राबले तर शेजाऱ्यांच्या आधी थकतात आणि मग सिनेमातल्या आभाळात वाहिनीचं चिन्ह भुतासारखं उभं राहतं. इंग्रजीत याला जळणं म्हणतात, पण हे जळणं नाही, झिजणं आहे. आमच्या उंबऱ्याच्या मधला भाग झिजलाय तसं. कॅनडातल्या आरटिंग्ज या चाचण्या करणाऱ्या मंडळींनी २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी दिवसाला वीस तास चालवून बघितले होते. वृत्तवाहिनी लावलेल्यांवर पट्टीचे आणि चिन्हाचे डाग उमटले. ज्यावर सतत बदलणारी चित्रं होती ते बराच काळ ठीक राहिले. तेव्हापासून पॅनेल सुधारलेत, पण त्यांना वीस तासांचा छळ करावा लागला होता, आमच्याकडे अण्णा वर्षाला पावणेतीन हजार तास विनामूल्य देणार होते.

मी दुकानात फोन करून विचारलं, डाग पडले तर वॉरंटीत धराल का? "सर, आता तसं काही होतच नाही." लिहून द्याल का? ते काही मिळालं नाही.

तरीही मी हार मानली नव्हती. हॅंडबुक उतरवून घेतलं आणि त्यात जे वाचलं त्याने खरा घोळ केला. ओएलईडी सेट दिवसभरात काही तास चालला की रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायवर असताना, स्वतःच्या ठिपक्यांची तपासणी करतो आणि थकलेल्यांना थोडं सावरून घेतो. त्यासाठी भिंतीवरची वीज चालू लागते. आता आमच्या घरची रीत सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी अण्णा घरभर फिरून एकेक बटण बंद करतात. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, मिक्सर, गिझर, सगळं. आयुष्यभराची सवय. "लाल दिवा दिसला म्हणजे मीटर पळतंय." दुपारी जेवून पडतानाही. पावसाळ्यात वीज कडाडली की दिवसा चार वेळा. त्यांना मी भीत भीत विचारलं, एवढं एक बटण चालू ठेवलं तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गॅस चालू ठेवायला सांगितलाय.

माझा पुण्यातला एक मित्र तीन वर्षं ओएलईडी वापरतोय, पडद्यावर ओरखडाही नाही. पण तो दिवसाला दोन तास सिनेमा बघतो, घरी वाहिन्या नाहीत आणि बटणं बंद करणारे वडील गावाला.

पुढच्या शनिवारी वही घेऊन, आणि पेन ड्राइव्हमध्ये माझं माझं सामान घेऊन, शाहूपुरीतल्या दुसऱ्या दुकानात गेलो. सामान म्हणजे मोबाइलवर स्वतः काढलेलं आमच्या गल्लीतल्या फुटबॉल सामन्याचं चित्रण, पूर्ण करड्या रंगाचं एक चित्र आणि काळ्यावर पांढरी अक्षरं. पहिली विनंती केली, चित्राच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' लावा. विक्रेता पोरगा चांगला होता, पण बिचकला. "सर, डल दिसेल." दिसू दे. व्हिव्हिडमध्ये गवत पोपटी आणि माणसं गाजराच्या रसासारखी दिसतात. ट्यूबलाइटच्या भिंतीवर वीस सेट एकत्र लागले असताना जो जास्त किंचाळतो त्याच्याकडे लक्ष जातं, म्हणून ती सोय.

मग करडं चित्र लावलं. एका सेटवर मधेच उभे मळकट पट्टे दिसले, भिंतीला ओल आल्यासारखे. नुसत्या सिनेमात ते लपतात, पण फुटबॉलच्या मैदानावरून कॅमेरा फिरला की हिरवळीवरून कोणी ओलं फडकं फिरवलंय असं वाटतं. क्रिकेटवाल्या घराने ही चाचणी केल्याशिवाय सेट घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. मोबाइलचा कॅमेरा पडद्याला अगदी जवळ नेऊन फोटोही काढले. मोठे केले की ठिपक्यांची ठेवण दिसते. तिरक्या, बाणासारख्या रेघा दिसल्या की बहुधा आयपीएस, सरळ आयत दिसले की बहुधा व्हीए. एकाच मालिकेत इंचांनुसार पॅनेलची जात बदलते, आणि खोक्यावर ती लिहिलेली नसते. विक्रेत्याने हे पहिल्यांदाच बघितलं, मग स्वतःच तीन सेटचे फोटो काढत बसला.

तिथे मिनी एलईडी बघितला. हाही एलसीडीच. पण काकांनी उघडलेल्या सेटमध्ये तीन पट्ट्या होत्या आणि सगळ्या एकदम लागायच्या, एकदम विझायच्या. यात मागे बारीक दिव्यांचा सडा घातलेला असतो आणि त्यांचे शेकडो गट केलेले असतात. चित्रात जिथे अंधार आहे तिथला गट मंदावतो किंवा विझतो. झडप गळते तर गळू दे, मागचा दिवाच मालवून टाकू, असा सरळ विचार. उजेडही भरपूर. ओएलईडी छोट्या जागेत चांगला चमकतो, पण अख्खा पडदा पांढरा झाला की त्याला हात आखडता घ्यावा लागतो. दुपारच्या उन्हात बातम्या बघणाऱ्या घराला हे महत्त्वाचं. आणि झिजण्याची भीती नाही, बटण हवं तेव्हा बंद करा.

खोट कुठे, ते माझ्या काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांनी दाखवलं. ठिपके त्र्याऐंशी लाख आणि दिव्यांचे गट काही शे. एका अक्षरासाठी मागचा अख्खा गट पेटतो आणि अक्षराभोवती धूसर प्रभा पसरते. दत्ताच्या फोटोतल्यासारखी. समोर बसलं तर कमी, बाजूने बघितलं तर जास्त. शिवाय पॅनेल व्हीए, म्हणजे बाजूने रंग फिके. मी पन्नास अंशांवर जाऊन उभा राहिलो. मालिकेतल्या हळदीच्या समारंभातली हळद पिठूळ दिसत होती. आई जिथून बघते तिथून हा टीव्ही मला पसंत नव्हता.

म्हणजे घरातल्या कोणावर तरी अन्याय होणारच. ओएलईडी घेतला तर अण्णांचा टीव्हीवर आणि टीव्हीचा अण्णांवर. मिनी एलईडी घेतला तर ओट्याजवळच्या आईवर. आयपीएस घेतला तर रात्रीच्या सिनेमावर, म्हणजे पुन्हा आईवरच. दोन रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही, पण भातात मीठ दोनदा घातलं.

तोड बायकोने काढली. ती म्हणाली, जुना सेट चांगला चालतोय, एक्स्चेंजमध्ये दीड हजार येतायत, देतोस कशाला? तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लाव. बाजूने बघायला तो चांगला आहे हे तूच महिनाभर सांगतोयस. मी वहीत एवढे कोन काढले, पण टीव्ही दोन असू शकतात हे डोक्यात आलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी पटापट उरकल्या. पुतण्याच्या गेमसाठी १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र, आणि ते आत घेणारं एचडीएमआय २.१ सॉकेट बघून घेतलं. इंचांचा वाद मात्र झाला. पंचावन्न इंची म्हणजे रुंदी १२२ सेंटीमीटर, उंची साडेअडुसष्ट. तेवढे वर्तमानपत्राचे कागद जोडून मी भिंतीवर चिकटवले आणि चार दिवस तसेच ठेवले. आई म्हणाली, "थेटर उघडायचंय का?" तिसऱ्या दिवशी तिला त्याचं काही वाटेनासं झालं. शोकेस मात्र काढावा लागला, आणि त्यातलं अण्णांचं निवृत्तीचं मानचिन्ह कुठे ठेवायचं यावर टीव्हीपेक्षा जास्त चर्चा झाली. स्टॅबिलायझर घ्या म्हणून आग्रह झाला, तो टाळला. सेटच्या पाठीवरच शंभर ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं. त्याऐवजी चांगला स्पाइक गार्ड घेतला.

घटस्थापनेनंतर तीन दिवसांनी सौदा झाला, साठ हजारांच्या थोडा खाली. दुकानदार "दहा टक्के कमी केलेत" म्हणाला. अण्णा शेजारीच होते. पुढची दहा मिनिटं मी बाहेर जाऊन उसाचा रस प्यालो.

२७ तारखेला सेट भिंतीवर चढला, दुसऱ्या दिवशी दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना. अकरा माणसं जमली. हिरवळ स्वच्छ होती, पट्टे नव्हते, मी मॅचपेक्षा तेच बघत होतो. कडेच्या खुर्चीवरच्या शेजाऱ्यांना रंग फिके दिसत असणार, पण आपण जिंकल्यावर त्यांनी तक्रार केली नाही.

खरी निराशा सोमवारी सकाळी. साडेपाचला अण्णांनी त्यांची वाहिनी लावली आणि चित्र पाहून माझं तोंड उतरलं. निवेदकाचा चेहरा चिकणमातीचा. ही वाहिनी आमच्या बॉक्सवर साध्या, एसडी दर्जात येते. ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. पडद्यावर जागा ८२,९४,४००. बरोब्बर वीसपट. एक ठिपका वाहिनीने पाठवायचा आणि उरलेले एकोणीस टीव्हीने मनाने भरायचे. चाळीस इंचांवर हे झाकलं जायचं, पंचावन्नवर उघडं पडलं. एकोणीस दिवस मी काळा कसा, कोन कसा, दिवे किती हे बघत होतो. घरात सर्वांत जास्त वेळ चालणारी वाहिनी कशी दिसेल हे मी एकाही दुकानात लावून बघितलं नव्हतं.

मी अण्णांना सॉरी म्हणायच्या तयारीत होतो. ते चष्मा कपाळावर चढवून बसले होते. म्हणाले, "पट्टीतली अक्षरं मोठी झाली बघ. चष्म्याशिवाय वाचतोय मी." मग उठून पडदा न ओढताच खिडकी उघडली.

त्या आठवड्यात एका रात्री आईने तिचा एक जुना सिनेमा लावला. मी दिवे मालवले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना चौदा-चौदा सेंटीमीटरचे पट्टे, आणि ते भिंतीच्या अंधारात विरघळून गेले होते. चौकोनी चित्र हवेत टांगल्यासारखं. आई बराच वेळ काही बोलली नाही.

"कडेची राखुंडी गेली की रे," ती म्हणाली.

श्रेयनामावली सुरू झाली, तेव्हा काळ्यावर पांढऱ्या अक्षरांभोवती ती हलकी प्रभा मला दिसली, आणि पांढऱ्या पातळातली नायिका कडेला आली की पट्ट्याचा तेवढाच भाग किंचित उजळायचा. मी आईकडे बघितलं. तिला दिसत नव्हतं. मी काही सांगितलं नाही.

सिनेमा संपल्यावर अण्णा आतून आले आणि भिंतीवरची दोन्ही बटणं बंद करून गेले.